ट्रँगलच्या आगीवरील कादंबऱ्यांतून संप वगळायचा का?

धागाकर्ती: न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यातील स्थलांतरित बहिणींवरच्या कादंबऱ्यांत संपाची प्रकरणे रटाळ असतात, खरी कथा धाकटीच्या मृत्यूपासून सुरू होते, असे काल येथे कुणीतरी लिहिले. ते वाचून मी फार अस्वस्थ झाले. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियन या सभागृहात भरलेल्या कामगारांच्या सभेत पुढाऱ्यांची भाषणे लांबत असताना क्लारा लेमलिच ही तरुण शिलाई कामगार उठली, यिडिशमध्ये, म्हणजे स्थलांतरित ज्यूंच्या भाषेत, सार्वत्रिक संपाची मागणी केली, आणि २०,००० च्या आसपास कामगार, त्यांत बहुसंख्य मुली, कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले. ट्रँगलच्या मालकांनी कामगारांच्या युनियनला मान्यता दिलीच नाही. संप संपल्यावर वर्षभराने, २५ मार्च १९११ ला, कारखान्याला आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. संप वगळला, तर धाकटी अपघातात गेली एवढेच उरते.

जुना वाचक: ते मत माझेच, आणि मी त्यावर ठाम आहे. ठराव इतिहासाच्या पुस्तकात सापडतात. आगीनंतर नदीकाठच्या धक्क्यावर ओळीने मांडलेल्या शवपेट्यांतून फिरणारी, कुणाची अंगठी, कुणाचा बूट पाहत आपली बहीण शोधणारी थोरली मात्र कादंबरीच दाखवू शकते. शिवाय दार चोरीच्या भीतीने लावले होते. त्याचा संपाशी संबंध जोडू नये.

शिलाईवाली: चोरीची भीती! माझी आई आणि मावशी तयार कपड्यांच्या एका कारखान्यात धागे कापत असत. सुटताना बायकांच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून एकच दार उघडे, दुसऱ्याला बाहेरून कडी. एकदा मोटर जळून धूर झाला, तेव्हा कडी काढणारा माणूस सापडेपर्यंत दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. ट्रँगलच्या खटल्यात तर चोरीला गेलेला माल २५ डॉलरांहून अधिक नव्हता, हे मालकानेच मान्य केले होते.

जुना वाचक: आपल्या आईबद्दल आदर आहे, पण घरचा अनुभव हा पुरावा नव्हे. डिसेंबर १९११ मध्ये दोन्ही मालक निर्दोष सुटले.

धागाकर्ती: सुटले, कारण दार बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते, हे ज्युरीला निःसंशय पटले नाही, म्हणून दार उघडे होते असे ठरत नाही. १४६ जीव गेले, आणि १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांच्या तडजोडीत एका जिवामागे ७५ डॉलर मिळाले. संपात मार खाऊन, युनियनविना पुन्हा त्याच यंत्रावर बसलेली थोरली त्या धक्क्यावर उभी राहते, तेव्हा तिच्या शोकात आणखी काय मिसळलेले असेल?

जुना वाचक: एवढे मान्य करावे लागेल, जरी मनापासून नाही. मात्र सभेची चाळीस पाने मी आजही वाचणार नाही.

शिलाईवाली: सभा हवी तर दोन पानांत उरका. पण त्या दाराची किल्ली कुणाच्या खिशात होती, ते लिहिल्याशिवाय धाकटीला मारू नका.