सिंगापूरच्या चायनीज हेरिटेज सेंटरमध्ये काय पाहावे?

प्रश्न (पणजी): आम्ही काही ग्रंथपाल सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातील हे केंद्र पाहण्यास जाणार आहोत. परदेशस्थ चिनी समाजावरील तेथील वांग गुंगवू ग्रंथालयात नेमके काय पाहावे?

उत्तर (मडगाव): १९९५ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र जुन्या नानयांग विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत असून ती इमारतच राष्ट्रीय स्मारक आहे, तेव्हा आत शिरण्याची घाई करू नये. ग्रंथालयात मांडणी निरखावी. स्थलांतरितांची पुस्तके देशानुसार लावावीत की भाषेनुसार, हा पेच आफ्रिका-पोर्तुगालला गेलेल्या गोमंतकीयांविषयीचा संग्रह करतानाही पडतोच.

उत्तर (फोंडा): सहमत. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव ही पोर्तुगीज वसाहत १८४४ पर्यंत गोव्यातील पोर्तुगीज प्रशासनाच्या अखत्यारीत होती, म्हणून मकाववरील साहित्याची चौकशी जरूर करावी.