245/70 आर16: जांबोटीकडची पाणंद, मागे पोती आणि पावसाळा तोंडावर. एटी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हींचा) टायर घेऊ की नको?

पाणंदवाला:
गाडी इसुझु व्ही-क्रॉस 2.5, फोर बाय फोर, 16 इंची रिम, टायर 245/70 आर16. चारही टायर गोटा व्हायला आलेत, स्टेपनी तेवढी बरी आहे. बेळगाव ते जांबोटी आठवड्याला तीन-चार फेऱ्या. शेवटची चार किलोमीटर पाणंद, तांबडी माती, मध्ये एक ओढा. मागे पेंडीची पोती, ठिबकच्या नळ्या नाहीतर काजूची रोपं. महिन्यातून एक-दोनदा चिकोडीकडे काळ्या रानात जाणं, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. म्हणजे 70-75 टक्के डांबर, उरलेला कच्चा रस्ता.

दुकानदार म्हणतोय 265/70 आर16 टाका, आरामात बसतो, गाडी उठून दिसेल. दुसरा म्हणतोय एलटी (लाइट ट्रक, म्हणजे मालवाहू बांधणीचे) टायरच घ्या. तिसऱ्याच्या मते एटीची गरजच नाही. कुणाचं ऐकायचं? टायर चार घ्यायचे की पाच? आणि हवा किती ठेवायची?

काटा_आधी:
नक्षी नंतर, आधी वजन. गाडी नेहमीसारखी भरा, टाकी फुल करा, माणसं बसवा आणि वजनकाट्यावर न्या. ऊसपट्ट्यात काट्यांना तोटा नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि आकडा लिहा. मग पूर्ण गाडीचं वजन घ्या. वजाबाकी केली की मागच्या अॅक्सलचं वजन मिळतं. समजा एकूण 2600 किलो आणि पुढचं 1150 भरलं, तर मागे 1450, म्हणजे एका चाकावर 725. खड्डा, वळण, एका बाजूला सरकलेलं पोतं यांच्यासाठी वर 15 टक्के धरा. साधारण 835 किलो झाले. एकूण वजन आरसीवरच्या ग्रॉस वेटपेक्षा जास्त भरलं, तर दुखणं टायरचं नाही.

आता टायरच्या बगलेवरचा आकडा बघा. याच मापात साधा टायर 107 लोड इंडेक्सचा येतो, म्हणजे 975 किलो. एक्सएल (जादा भाराचा) लिहिलेला 111 चा, म्हणजे 1090 किलो. हे पॅसेंजर वर्गातले टायर आहेत. असा टायर पिकअपला लावला तर अमेरिकेत त्याची क्षमता 1.10 ने भागून धरतात आणि तो हिशेब आपणही धरावा. 111 चे झाले 990, 107 चे 886. तुमच्या कामाला दोन्ही पुरतात, पण 107 मध्ये हात आखडता राहतो. मी 111 च्या खाली जाणार नाही.

एलटी टायरवर 113/110 असा जोड आकडा असतो. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडटायरसाठी. आपल्याला पहिलाच बघायचा, 113 म्हणजे 1150 किलो. काही कंपन्यांची एकाच नावाची नक्षी पॅसेंजर आणि एलटी अशा दोन्ही बांधणीत मिळते. योकोहामाचा जिओलँडर जी015 घ्या, नाव तेच, आतला सांगाडा वेगळा. म्हणून दुकानात नुसतं नाव सांगून ऑर्डर देऊ नका. नाव, माप, लोड इंडेक्स आणि एलटी की साधा, हे चारही बिलावर लिहून घ्या. अजून एक खूण आहे. आयएसआय शिक्क्याजवळ आयएस 15633 असेल तर टायर कार वर्गातला, 15636 असेल तर व्यापारी वाहनाचा.

घाट_उतार:
तिसरा दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाही बघा. एटीच्या नक्षीत मोकळ्या चरी जास्त, गट्टू मोठे, त्यामुळे डांबराला टेकणारं रबर कमी. ओल्या डांबरावर चांगला एचटी (डांबरी रस्त्याचा) टायर चांगल्या एटीपेक्षा आधी थांबतो. चोर्ला घाटात कणकुंबीच्या पुढे पावसात रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं आणि वळणावर मातीचा पातळ थर वाहून येतो, तिथे हा फरक पायाला कळतो. शिवाय एटीचा आवाज येतो. नवा असताना कमी, निम्मा झिजला की जास्त. डिझेलही थोडं जास्त लागतं.

तरीही तुमची चार किलोमीटरची पाणंद आणि ओढा बघता एटी घ्या असंच म्हणेन, फक्त सौम्य नक्षीचा. मधला पट्टा बऱ्यापैकी सलग, गट्टूंवर बारीक चिरा भरपूर, खांद्याकडे मोकळ्या चरी, असा बघा. त्या बारीक चिराच ओल्या डांबराला धरतात. ट्रॅक्टरसारखी बटणं असलेला एमटी (चिखलाचा टायर) घाटात नकोच.

265/70 चं म्हणाल तर हिशेब करा. 245/70 आर16 ची उंची 749 मिलिमीटर, 265/70 आर16 ची 777. फरक पावणेचार टक्के. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 83 ला असेल. गिअर तेवढा लांब होतो, म्हणजे भरलेल्या गाडीला चढावर एक गिअर खाली टाकावा लागणार. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर लायनरला नाहीतर मडफ्लॅपला घासतो का, ते बघावं लागेल. खाली टांगलेल्या स्टेपनीच्या जागेत नवं चाक मावतं का, हे आधी मोजा. बरेच जण हे विसरतात आणि मग स्टेपनी हौद्यात आडवी घेऊन फिरतात. शिवाय कंपनीने त्या मॉडेलला न दिलेलं माप लावलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर (गाडीत फेरफार करण्याबद्दलचं) बोट ठेवून अपघातानंतर विमावाला खुसपट काढू शकतो. गाडी उठून दिसण्यासाठी एवढा व्याप कशाला?

काळी_रान:
चिकोडी, रायबाग, अथणीकडचं सांगतो. वरचं सगळं बरोबर आहे, खरं काळ्या मातीत एटी घेतला म्हणून छाती काढून जाऊ नका. ओली काळी माती चाकाच्या दोन फेऱ्यांत सगळ्या चरी भरून टाकते. मग एटी काय आणि गोटा टायर काय, दोन्ही सारखेच. चरीतली माती बाहेर फेकायला चाक जोरात फिरावं लागतं आणि गाडी भरलेली असली की जोरात फिरवलं तर चाक तिथंच खड्डा करतं. पाऊस पडून दोन दिवस उघडीप नसेल तर रानात गाडी घालू नये, बांधाजवळ उभी करून पोती ट्रॅक्टरनं न्यावीत. लई टायर बघून झाल्यावरही उत्तर हेच निघतं.

मोठा टायर इथं उलट त्रास देतो. मडगार्ड आणि टायरमधली मोकळी जागा कमी होते, तिथं माती थापली जाते आणि चाक अडकतं.

रानातून डांबरावर आला की लगेच 70 ला पळवू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेली माती वाळून घट्ट होते आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. माणूस बॅलन्सिंगला पैसे घालतो, खरं दोष मातीच्या ढेकळाचा. काठीनं आतून खरवडा, पाणी मारा, थरथर गेली तर बॅलन्सिंग ठीक होतं.

आणि उसाचा फड. कोयत्यानं तिरका तोडलेला बुडखा वाळला की खिळ्यासारखा होतो. तळव्यात घुसला तर पंक्चर निघतं. बगलेत घुसला तर टायर गेला, बगलेला ठिगळ चालत नाही. चिखलात हवा कमी करा असं सगळे सांगतात. फडात मात्र करू नका, हवा कमी केली की बगल फुगून बाहेर येते आणि बुडखा नेमका तिथंच लागतो. अथणीकडं बांधाला वेडी बाभूळ आहे. तिचा काटा तळव्यात मोडून आत राहतो, चार-पाच दिवसांनी हवा बसते. घरी आलं की तळव्यावर एकदा नजर टाका आणि मोडका काटा दिसला तर पकडीनं काढून थुंकी लावा. बुडबुडा आला तरच पंक्चरवाल्याकडं जावा.

पाना_आणि_लिव्हर:
टायर बसवण्याचं काम आमचं, म्हणून तेवढंच लिहितो.

हे माप बेळगावात प्रत्येक दुकानात तयार नसतं, कोल्हापूर नाहीतर हुबळीहून मागवावं लागतं. मागवलेला माल आला की बसवण्याआधी बगलेवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 1825 म्हणजे 2025 सालातला अठरावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतात, दुसऱ्या बाजूला दिसले नाहीत तर टायर उलटा करून बघा. चारही टायर एकाच वर्षातले घ्या. एक-दीड वर्ष जुना माल असेल तर भाव पाडून मागा. तीन वर्षं पडून असलेला स्वस्तात मिळाला तरी नको.

एलटी टायर घेऊन हवा 65 पीएसआयच्या वर जाणार असेल तर साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही, त्याची मर्यादाच 65 ची. नटाचा धातूचा व्हॉल्व्ह घ्या. तुमच्या गाडीला एवढी हवा लागणार नाही, पण व्हॉल्व्ह जुनाच ठेवून नवा टायर बसवणं ही कंजुषी कुणीच करू नये.

फोर बाय फोरला पुढे-मागे वेगळी मापं किंवा वेगळ्या कंपनीचे टायर लावू नका. या गाडीत फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकाच गतीने बांधली जातात. उंचीत फरक असला की ताण सगळा गिअर आणि शाफ्टवर येतो. त्याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर-एच लावून वळणं घेऊ नयेत. शक्य असेल तर पाच टायर घ्या आणि दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला स्टेपनीसकट फिरवा. एटीचे गट्टू एका कडेने जास्त झिजतात, हात फिरवला की करवतीसारखे लागतात, आणि आवाज तिथूनच सुरू होतो. वेळेवर फिरवले तर तो आवाज बराच लांबतो. चारच घ्यायचे असतील तर जुनी स्टेपनी फक्त घरी पोचण्यापुरती समजा आणि ती लागलेली असताना टू-एचमध्येच (फक्त मागच्या चाकांना ताकद) चालवा.

अलाइनमेंट टायर बसवल्याच दिवशी करा. चाकाचे नट पहिल्या 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. नायट्रोजनच्या नादाला लागू नका, स्वच्छ कोरडी हवा पुरते.

पाणंदवाला:
काट्यावर जाऊन आलो. एकूण 2540, पुढे 1170. म्हणजे मागे 1370, एका चाकावर 685. 265 चा विचार सोडला. आता 111 एक्सएल घेऊ की एलटी, एवढंच राहिलं. पाणंदीवर पंचायतीने नवीन खडी टाकली आहे, म्हणून विचारतो. आणि हवेचं कुणी नीट सांगितलं नाही.

काटा_आधी:
685 वर 15 टक्के धरले तर 788. एक्सएलचे 990 आहेत, वजनासाठी एलटीची गरज नाही. प्रश्न फक्त खडीचा. जांभ्याचे खडे चाकाखाली चुरतात, ते टायर कापत नाहीत. कापते ती क्रशरची काळी खडी, पहिले काही महिने दबून बसेपर्यंत. चार किलोमीटर आणि सावकाश जाणार असाल तर एक्सएल पुरे. तुमची पाणंद 20-25 किलोमीटरची असती, किंवा रोज हौदा पूर्ण भरत असता, तर एलटी म्हटलं असतं. एलटी जड असतो, रिकाम्या गाडीत आपटतो आणि मागचे पाटे आधीच कडक आहेत. बीएफगुडरिचचा केओ2 एलटी बांधणीचा आहे, बगल जाड, पण वजन आणि किंमत दोन्ही बघून ठरवा. अपोलोचा अॅप्टेरा एटी2 आणि योकोहामाचा जी015 हे सौम्य बाजूचे.

हवा: एक्सएल घेतला तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून सुरू करा, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतील तर दोन्ही पाळा. एक्सएलची पूर्ण क्षमता 42 पीएसआयला मिळते, त्याच्या वर जाऊन काही कमवत नाही. एलटी घेतला तर तेच वजन उचलायला साधारण 8 ते 10 पीएसआय जास्त लागतात. स्टिकरचाच आकडा ठेवला तर भरलेल्या गाडीत टायर आतून तापतो आणि उन्हाळ्यात हायवेवर त्याला फुगा येतो. लोक मग कंपनीला शिव्या देतात.

हवा सकाळी, गाडी उभी असतानाच मोजा. चालून आल्यावर 4-5 पीएसआय जास्त दाखवते, ती काढू नका. नक्की आकडा काढायचा असेल तर नेहमीचं वजन भरून टायरच्या तळव्यावर खडूने आडवी जाड रेघ ओढा आणि सपाट डांबरावर शंभर मीटर सरळ जा. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. पूर्ण रुंदीला सारखी पुसली की तो आकडा दाराच्या आत लिहून ठेवा. पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेगळा निघेल.

घाट_उतार:
ओढ्याच्या चढावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर रिकाम्या गाडीत हवा 22 पीएसआयपर्यंत उतरवा, भरलेली असेल तर 26-28 च्या खाली नको. वेग 30 च्या आत, आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका, टायर रिमवरून सुटतो. परत हवा भरायचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला लावायचा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा मोठ्या टायरला लावला की फ्यूज उडतो आणि तुम्ही 22 च्या हवेवर जांबोटीत अडकता.

पाना_आणि_लिव्हर:
कॉम्प्रेसरसोबत मिळणारा काटा आणि पंपावरचा काटा यांत 3-4 पीएसआयचा फरक पडतो. स्वतःचा एकच मीटर ठेवा आणि कायम त्यानेच मोजा. नाहीतर खडूची रेघ काढून उपयोग नाही.