पॉलीन न्यूमन: शंभरीला टेकलेल्या न्यायमूर्तींची तपासणी कोणी करायची?

उलटतपासणी

अमेरिकेत 'फेडरल सर्किट' नावाचं अपील कोर्ट आहे. देशभरातली पेटंटची अपिलं तिथे जातात. न्यायमूर्ती बारा. त्यांतल्या एक पॉलीन न्यूमन, जन्म जून १९२७. १९५२ साली येलमधून रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, अमेरिकन सायनामिडमध्ये संशोधन केलं, मग एफएमसी कंपनीत नोकरी करता करता कायद्याची पदवी घेतली. त्या कंपनीचं पेटंटचं काम त्यांनी तीस वर्षं पाहिलं. हे कोर्ट १९८२ साली सुरू झालं. ते व्हावं म्हणून झटणाऱ्यांत त्याही होत्या. १९८४ साली रेगन यांनी त्यांना तिथेच नेमलं.

त्याच कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना नवीन खटले देणं बंद केलं. पद चालू, पगार चालू, काम बंद. निकालांना उशीर होतो, विसरतात, कर्मचाऱ्यांशी विचित्र वागतात, असे आक्षेप होते. कोर्टाच्या चौकशी समितीने सांगितलं, आम्ही ठरवू त्या डॉक्टरांकडे मेंदूची तपासणी करून घ्या. न्यूमनबाईंनी नकार दिला आणि आपल्या डॉक्टरांचे अहवाल पुढे केले. ते चालले नाहीत. निलंबन २०२४ आणि २०२५ साली पुन्हा वाढवलं.

माझं म्हणणं साधं आहे. या कोर्टाच्या मुख्य न्यायमूर्ती किंबर्ली मूर यांनीच तक्रार काढली, चौकशी समितीत त्याच, आणि शिक्षा देणाऱ्या मंडळातही त्याच. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने असं केलं असतं तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडाल्या असत्या. अमेरिकन राज्यघटनेनुसार न्यायाधीश 'चांगली वर्तणूक असेतोवर' पदावर राहतो. काढायचा तर संसदेने महाभियोग चालवायचा. सहकाऱ्यांनी मागच्या दाराने घरी बसवायचं, हा कुठला न्याय?

खातेवही

साफ असहमत. मी बँकेतून साठाव्या वर्षी निवृत्त झालो. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला आणि संध्याकाळी सहाला माझं लॉगिन बंद. दुसऱ्या दिवशी मी काही कमी हुशार झालो नव्हतो. पण काउंटरसमोरच्या माणसाने माझी हुशारी मोजत बसायचं का? इथे चर्चा सगळी बाईंच्या हक्काची. ज्याचं अपील अडकलंय त्याचा विचार कोण करणार? ती खुर्ची त्यांची नाही, पक्षकाराची आहे.

जर्सीकर

न्यू जर्सीत औषध कंपनीत पेटंटचंच काम करतो, म्हणून लिहितो. खातेवहींचा मुद्दा आमच्या धंद्यात जास्तच लागू होतो. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षं. निकाल लांबला म्हणून घड्याळ थांबत नाही.

पण न्यूमनबाईंची भिन्नमतं, म्हणजे बहुमताशी असहमत होऊन लिहिलेली मतं, वाचली नसतील तर वाचा. २०१६ च्या एसएएस खटल्यात त्यांचं म्हणणं असं: पेटंट कार्यालय एखाद्या पेटंटला दिलेलं आव्हान सुनावणीला घेतं, तेव्हा त्या पेटंटमधल्या, आव्हान दिलेल्या सगळ्याच दाव्यांवर निर्णय द्यायला हवा, सोयीचे तेवढे निवडून चालणार नाही. पीठावर त्या एकट्या पडल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तेच सांगितलं. भिन्नमत लिहिलं तेव्हा बाई ८८ वर्षांच्या.

उलटतपासणी

@जर्सीकर, त्याहून ताजं उदाहरण देतो. रुडिसिल नावाच्या माजी सैनिकाचा खटला. सैन्यात वेगवेगळ्या काळात नोकरी केली, त्यामुळे दोन कायद्यांखाली शिक्षणाची मदत लागू होत होती. प्रश्न एवढाच की एकीसाठी दुसरीवर पाणी सोडावं लागतं का. डिसेंबर २०२२ मध्ये पूर्णपीठाचं बहुमत सरकारच्या बाजूने गेलं. न्यूमनबाई सैनिकाच्या बाजूने. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा निकाल फिरवला. बाई तेव्हा निलंबित, घरी. डोकं चालत नाही म्हणे!

वकिलीण_नागपूर

एक भिन्नमत बरोबर ठरलं म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे असं नव्हे, आणि निकालाला उशीर झाला म्हणजे गेली असंही नव्हे. दोन्ही पुरावे लंगडे.

आपल्याकडे हा प्रश्न कॅलेंडर सोडवतं. उच्च न्यायालयात ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. (१९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीआधी उच्च न्यायालयात ६० होतं.) ६२ व्या वर्षी उत्तम माणसं घरी जातात, आणि काही जण पुढच्या नेमणुकीवर डोळा ठेवून शेवटची वर्षं काढतात, हा तोटा आहेच. पण आकडा कोणाचं तोंड बघत नाही. त्यातही भांडण होतं म्हणा. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या न्या. जे. पी. मित्तर यांचं जन्मसाल १९०१ की १९०४, यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता.

अमेरिकेत असा आकडाच नाही. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन १०४ व्या वर्षी वारले, तेव्हाही न्यायाधीशच होते. रिचर्ड पोस्नर यांच्यासारखा नावाजलेला अपील न्यायाधीश २०१७ साली निवृत्त होताना म्हणाला, ८० ला सक्तीने थांबवा. कोणी ऐकलं नाही. रीनहार्ट नावाच्या अपील न्यायाधीशांचं मत तर त्यांच्या मृत्यूनंतर अकरा दिवसांनी जाहीर झालेल्या निकालात मोजलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाला २०१९ साली सांगावं लागलं की नेमणूक आयुष्यभराची असते, अनंतकाळाची नव्हे.

खातेवही

अकरा दिवसांनी?! आमच्याकडे मयत खातेदाराची सही चालत नाही हो.

मधली_सुट्टी

कायद्यातलं मला कळत नाही. उलटतपासणींनी 'डोकं चालत नाही म्हणे' लिहिलंय, त्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझी आई गणिताची शिक्षिका. शेवटपर्यंत पावकी, निमकी तोंडपाठ. पाहुणे आले की असं बोलायची की ते म्हणायचे, काकूंची स्मृती आमच्यापेक्षा तल्लख. दुधाचा हिशेब एका वहीत असायचा. एकदा ती वही चाळली. गवळी बदलून चार महिने झाले होते, नवा एकच लिटर घालत होता. आईच्या वहीत रोज दोन लिटर. अक्षर मोत्यासारखं, बेरीज अचूक, खाली सही.

डॉक्टरकडे चल म्हटलं तर, 'मला काय धाड भरलीय?' ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच काही झालेलं नव्हतं, तिच्या दृष्टीने. न्यूमनबाईंना काय झालंय, काही झालंय की नाही, हे इथे बसून सांगता येणार नाही. पण त्या मुलाखतीत छान बोलतात यावर मी तरी काही ठरवणार नाही.

जर्सीकर

पटलं. म्हणूनच तपासणी हवी. पण अशी तक्रार दुसऱ्या सर्किटकडे, म्हणजे दुसऱ्या अपील कोर्टाकडे, सोपवायची सोय त्यांच्या नियमांत आहे. बाईंनी ती मागितली होती. दिली नाही, इथे घोडं पेंड खातं. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या दुसऱ्या एका अपील कोर्टाने बाईंचा निलंबनाविरुद्धचा दावा फेटाळला, पण तोही जुन्या निवाड्याने हात बांधलेत म्हणून. त्यांनी उभे केलेले प्रश्न गंभीर आहेत, हे त्याच निकालात लिहिलंय.

उलटतपासणी

@मधली_सुट्टी, ते वाक्य मागे घेतो. एक विचारू? आईंना शेवटी तपासायला कोण घेऊन गेलं? डॉक्टर कोणी निवडला?

मधली_सुट्टी

मी. आई निवडणार नव्हतीच. मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. भाऊ म्हणाला, ते नकोत, ते तुझंच ऐकतील. घराचं वाटणीपत्र तेव्हा चालू होतं. मला राग आला होता. मग दुसऱ्या गावच्या, दोघांपैकी कोणालाच न ओळखणाऱ्या बाईंकडे नेलं. बसने अडीच तास. आई खिडकीशी बसली होती, येणाऱ्या ट्रकच्या नंबरांच्या बेरजा करत.