बी पेशीत (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीत) डीएनएची दुरुस्तीच म्युटेशन घालते, हे कसं काय?

रंकाळा_बायो: नमस्कार मंडळी, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करतेय. रिपेअरच्या चॅप्टरमध्ये शिकलो की ही एन्झाइम्स चुका दुरुस्त करतात, आणि इम्युनॉलॉजीत तीच एन्झाइम्स अँटिबॉडीच्या जीनमध्ये चुका घालतात म्हणे. मग म्युटेशन नक्की कोण करतं, बी पेशीतलं एआयडी नावाचं एन्झाइम की दुरुस्ती? मैत्रीण म्हणते एआयडी, मी म्हणते दुरुस्ती, आणि सर भेटणार डायरेक्ट सोमवारी.

राजारामपुरीकर: ताई, दोघींचंही बरोबर आहे. एआयडी, 1999 मध्ये तासुकू होंजोंच्या लॅबनं शोधलेलं, ते फक्त सायटोसिनचं (डीएनएच्या ए, टी, सी, जी या चार बेसपैकी सी) युरॅसिल करतंय, बास. पुढचं सगळं त्या युरॅसिलचं काय होतं यावर. दुरुस्तीआधीच डीएनएची कॉपी झाली तर सी च्या जागी टी येतो. यूएनजी या दुरुस्तीच्या एन्झाइमनं युरॅसिल उपटून काढलं तर तिथं बेसच उरत नाही, मग समोर कुठलाही बेस बसू शकतो. आणि न जुळणारे बेस ओळखणाऱ्या एमएसएच२-एमएसएच६ या प्रथिनांची जोडी आली तर आजूबाजूचा तुकडाच कापला जातो, तो परत भरायला येतं पॉलिमरेज ईटा हे डीएनए कॉपी करणारं एन्झाइम, आणि ते साध्या डीएनएवर लई चुका करतंय, म्हणून एआयडीनं हात न लावलेल्या ए-टी जोड्यांवरसुद्धा म्युटेशन दिसतात. दर पेशीविभाजनाला साधारण 1000 बेसमागे एक म्युटेशन, म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास 10 लाख पट. ज्या पेशीची अँटिबॉडी घट्ट चिकटते ती जगते, बाकीच्या बहुतेक मरतात. बूस्टर डोसनंतर अँटिबॉडी जास्त चांगली निघते त्यात याचा मोठा वाटा आहे.

कागलचा_मास्तर: ईटाबद्दल एक सांगायलाच पाहिजे, कारण मला हे फार सुंदर वाटतं. हेच एन्झाइम उन्हानं चिकटलेल्या दोन थायमिनांसमोर मात्र अचूक कॉपी करतं. झेरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक आजाराच्या व्हेरिअंट प्रकारात ते नसतं, त्या लोकांना उन्हानं त्वचेचा कॅन्सर लवकर होतो, आणि त्यांच्याच अँटिबॉडी जीनमध्ये ए-टी वरची म्युटेशन कमी सापडतात. तू म्हणतेस त्याचा पुरावा माणसातच मिळतोय की.

पन्हाळगड: मग बाकीच्या जीन्सचं काय ओ, आणि हे पोराबाळांत उतरतं का?

राजारामपुरीकर: पोरांत न्हाई उतरत भावा, हे बी पेशीतच होतं, शुक्राणू-बीजांडात नाही. बाकीच्या जीन्सवर धोका मात्र खरा आहे. एआयडी बहुतेक वेळ केंद्रकाच्या बाहेरच ठेवलेलं असतं, तरी बीसीएल६ सारख्या जीनवर ते जातंच, आणि बऱ्याच जीन्सवर दुरुस्ती नीट होते म्हणून निभावतं. क्लास स्विचमध्ये (पेशी आयजीएम सोडून आयजीजीसारख्या दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी बनवायला लागते तेव्हा) तर डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, आणि तुटलेलं टोक चुकीच्या ठिकाणी जोडलं गेलं तर 8 नंबरच्या क्रोमोसोमवरचा मिक हा पेशी वाढवणारा जीन 14 नंबरवरच्या अँटिबॉडी जीनशेजारी जाऊन बसतो. बर्किट लिम्फोमा या बी पेशींच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हेच सापडतं.

रंकाळा_बायो: आणि यूएनजीच नसेल तर?

कागलचा_मास्तर: तर क्लास स्विच जवळजवळ अडतो, आयजीएम भरपूर आणि आयजीजी कमी, मूल सारखं इन्फेक्शननं आजारी. एआयडी नसलं तरी तेच, त्यालाच हायपर आयजीएम म्हणतात. पण यूएनजी नसताना म्युटेशन थांबत नाहीत, सी-जी जोड्यांवर जवळपास फक्त सी चा टी आणि जी चा ए एवढेच बदल दिसतात. सोमवारी सरांसमोर हा मुद्दा मांड, तुमच्या वादाचं उत्तर त्यातच आहे.