नवीन कन्सोल सगळ्या देशांत एकाच दिवशी आणणं एवढं अवघड का असतं?

रात्रीचा_गेमर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र आता दोन वेगळ्या देशांत असतो, रोज बोलणं होत नाही, पण गेम लावला की दोन तास कसे जातात कळत नाही, हात कंट्रोलरवर आणि हेडसेटवर गप्पा चालूच. मागच्या पिढीत झालं असं की त्याच्याकडे कन्सोल पहिल्याच दिवशी आला आणि माझ्याकडे जवळजवळ तीन महिन्यांनी. ज्या गेमची आम्ही दोघं मिळून वाट बघत होतो तो त्याने तोपर्यंत संपवला पण होता. माझ्यासाठी परत पहिल्यापासून खेळला बिचारा, पण कुठल्या वळणावर काय येणार हे त्याला माहीत, म्हणून तिथे तो मुद्दाम गप्प बसायचा आणि मला ते गप्प बसणं लगेच कळायचं. मजा गेली ती गेलीच.

तर आता पुढच्या पिढीच्या गोष्टी सुरू झाल्यात आणि परत तेच "जगभरात एकाच वेळी" ऐकू येतंय. हे खरंच होऊ शकतं का? होत नसेल तर घोडं अडतं कुठे? गेम तर आता डाउनलोडच होतात, मग एक डबा पोचवायला एवढे महिने का लागतात?

जुना_खेळाडू

एकाच दिवशी ही अपेक्षाच मुळात नवीन आहे बघा. निन्टेंडोचा सुपर फॅमिकॉम जपानमध्ये १९९० च्या नोव्हेंबरात आला, अमेरिकेत तोच सुपर एनईएस म्हणून १९९१ ला आणि युरोपात १९९२ ला. निन्टेंडो ६४ जपानमध्ये जून १९९६, अमेरिकेत सप्टेंबर, आणि युरोपवाले मार्च १९९७ पर्यंत मासिकातले फोटो बघत बसले. प्लेस्टेशन २ चं पण तसंच, ४ मार्च २००० ला जपान आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाकीचे.

तेव्हा हे चालून जायचं कारण टीव्हीच वेगळे होते. जपान-अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र, युरोपात पाल, म्हणजे ५० वेळा. नुसता डबा पाठवून भागायचं नाही, प्रत्येक गेमची वेगळी आवृत्ती काढावी लागायची, आणि ती घाईत काढली की गेम सरळ सहाव्या हिश्शाने हळू पळायचा, संगीतसुद्धा रेंगाळल्यासारखं, वर-खाली काळे पट्टे. मी एक गेम लहानपणी ५० हर्ट्झवर अक्षरशः पाठ केला होता, डोळे मिटून खेळेन इतका. पुष्कळ वर्षांनी ६० हर्ट्झवाली आवृत्ती हाती लागली आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो, दुसऱ्यांदा पण पडलो, कारण बोटांना जुना ठेका माहीत. तेव्हा समजलं की आपण जो गेम खेळत मोठे झालो तो मुळात तसा नव्हताच.

हाय डेफिनिशन टीव्ही आले आणि हे कारण हळूहळू निघून गेलं. मग २००५ ला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ने पहिल्यांदा खरा जोर लावला. २२ नोव्हेंबरला उत्तर अमेरिका, २ डिसेंबरला युरोप, १० डिसेंबरला जपान. अठरा दिवसांत तीन बाजारपेठा, तोपर्यंत असं मोठ्या कन्सोलने केलंच नव्हतं. एक दिवस नाही म्हणता येणार, पण दीड वर्षावरून अडीच आठवड्यांवर येणं ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती.

सोल्डरगन

जुना_खेळाडू यांनी इतिहास छान सांगितला, मी कारखान्याच्या बाजूने सांगतो कारण माझं काम इलेक्ट्रॉनिक्स असेंब्लीतलंच आहे (कन्सोल नाही, पण बोर्ड म्हणजे शेवटी बोर्डच).

घोडं अडतं ते एका पार्टवर. कन्सोलमध्ये शेकडो पार्ट असतात आणि ९९ टक्के पार्ट गोदामात ढिगाने पडलेले असले तरी एक कमी पडला की लाइन थांबली. सगळ्यात स्पष्ट उदाहरण सोनीचा प्लेस्टेशन ३. त्यात ब्लू-रे डिस्क वाचणारा ड्राइव्ह होता आणि त्यासाठी निळ्या लेझरचा डायोड लागायचा, नखापेक्षा लहान वस्तू, ती पुरेशी बनेना. २००६ च्या मेमध्ये सांगितलं होतं की नोव्हेंबरात जगभर येणार, सप्टेंबरात सांगितलं की युरोप मार्च २००७ ला. लाँचसाठी जपानला १ लाख आणि उत्तर अमेरिकेला ४ लाख एवढंच ठेवलं आणि वर्षाअखेरचं टार्गेट ४० लाखांवरून २० लाखांवर आणलं. एवढ्याशा डायोडमुळे अख्खा खंड चार महिने मागे गेला.

आता यात कठीण काय असतं ते बघा. तारीख जाहीर करायची असते कित्येक महिने आधी, कारण जाहिराती, दुकानं, गेमवाले सगळे त्या तारखेला बांधलेले. आणि त्या वेळी नवीन चिपचं यील्ड, म्हणजे शंभरातल्या किती चिप पास होतात, ते अजून वर चढत असतं. सुरुवातीला कमी, मग लाइन बसत जाते तसं सुधारतं. म्हणजे तुम्ही आज जी तारीख देता ती पुढच्या चार महिन्यांत यील्ड किती सुधारेल या अंदाजावर दिलेली असते. अंदाज चुकला की माल कमी, आणि कमी माल सगळ्या देशांत वाटायचा म्हटलं की सगळीकडेच थोडा थोडा. शिवाय बोटीने कंटेनर जायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या दिवसाचा माल बराच आधी बनून निघालेला पाहिजे. विमानाने पाठवता येतो पण तो खर्च प्रत्येक डब्यावर चढतो, आणि बऱ्याचदा सुरुवातीला डब्यावर नफा नसतोच.

म्हणून माझं मत सांगतो. एकाच दिवशी आणायचं असेल तर एकच मार्ग आहे, आधी साठा करा आणि मग तारीख द्या, नाताळच्या मागे धावू नका. निन्टेंडोचा स्विच ३ मार्च २०१७ ला आला तेव्हा लोक म्हणत होते मार्च ही काय वेळ आहे का, पण जपान, अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया सगळीकडे तोच दिवस. स्विच २ ला ५ जून २०२५, परत नाताळपासून लांब, आणि चार दिवसांत ३५ लाख विकले गेले. एवढे चार दिवसांत विकायला ते आधी बनवून, पोचवून ठेवलेले असावे लागतात, ते काय आयत्या वेळी होत नाही.

पहिली_बॅच_नको

मी थोडं उलट बोलतो, रागावू नका. सगळ्या जगात एकदम आणायच्या हट्टापायी माल कच्चा बाहेर येतो हे आपण विसरतो. एक्सबॉक्स ३६० चं कौतुक वर झालं, पण तो प्लेस्टेशन ३ च्या वर्षभर आधी यायच्या घाईत होता आणि पुढे काय झालं सगळ्यांना माहीत आहे, लाल दिव्यांचं कडं, म्हणजे मशीन बिघडल्याची खूण. चिपच्या आतले जोड तापून गार, तापून गार होऊन तडकायचे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली. मशीन एकाच देशात आधी आलं असतं तर दोष तिथेच दिसला असता, निदान बाकीच्यांचे पैसे आणि मनस्ताप वाचला असता. मी तर म्हणतो टप्प्याटप्प्यानेच आणा. आणि भाऊ, तुम्ही पण सहा महिने थांबा.

जुना_खेळाडू

मनस्तापाचं पटतं, पण तो दोष महिन्या-दोन महिन्यांत दिसणारा नव्हताच. तापणं-गार होणं शेकडो वेळा झाल्यावर जोड तडकायचे. युरोप-जपानला तीन महिने उशिरा दिलं असतं तरी तेच मशीन गेलं असतं. तिथे चूक एकाच वेळी आणण्याची नव्हती, तारीख अलीकडे ओढण्याची होती, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तारीख ओढण्याचं याहून वाईट उदाहरण सेगा कंपनीचा सॅटर्न कन्सोल. अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ ही तारीख जाहीर होती. ११ मेला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्या ई३ मध्ये, म्हणजे गेमच्या व्यापारी प्रदर्शनात, सेगाच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के मंचावर आले आणि म्हणाले की मशीन आजपासूनच मिळतंय, ३९९ डॉलर. माल मोजक्याच साखळ्यांना दिला होता, बाकीचे दुकानवाले भडकले, काहींनी तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. गेम बनवणारे सप्टेंबरच्या हिशोबाने काम करत होते, त्यामुळे मशीन आहे आणि खेळायला फारसं काही नाही. त्याच दिवशी नंतर सोनीचा माणूस मंचावर गेला, प्लेस्टेशनची किंमत म्हणून "२९९" एवढंच म्हणाला आणि उतरला. सेगाची मशीन्स मला जिवापाड आवडायची, आजही तो प्रसंग वाचला की वाईट वाटतं.

भाषांतरवाली

एक बाजू राहिली म्हणून लिहिते. डबा तयार असला तरी देश तयार असायला लागतो. वायफाय-ब्लूटूथ असलं की प्रत्येक ठिकाणी रेडिओची वेगळी मंजुरी, गेमना वयाचं रेटिंग प्रत्येक बाजारपेठेत वेगळं, अमेरिकेत ईएसआरबी, युरोपात पेगी, जर्मनीत यूएसके, जपानमध्ये सेरो. आणि मग भाषा. एक्सबॉक्स वन २०१३ ला २१ देशांत येणार होता, ऑगस्टमध्ये त्यातले ८ युरोपीय देश पुढच्या वर्षावर ढकलले आणि १३ राहिले, कारणांमध्ये डॅशबोर्ड (कन्सोलचा मुख्य मेनू) आणि आवाजाने चालणाऱ्या आज्ञा त्या त्या भाषेत बसवणं हे पण होतं. लोकांना वाटतं भाषांतर म्हणजे शेवटच्या आठवड्यात उरकायचं काम. अहो, "बंद करा" हे आपण मशीनला किती तऱ्हांनी म्हणतो, प्रत्येक तऱ्हा त्याला ओळखता आली पाहिजे, त्याला वेळ लागतोच. स्वतः असं काम केलंय, एका मेनूमधला एक शब्द बटणात मावत नाही म्हणून दोन दिवस घातलेत.

आणि "जगभर" या शब्दाकडे पण जरा नीट बघा. चीनमध्ये २००० पासून २०१४ पर्यंत कन्सोलच्या विक्रीवर बंदीच होती, तरी तेव्हाही जाहिरातीत जगभर लाँच म्हणायचेच. प्लेस्टेशन ५ पण २०२० ला दोन लाटांत आला, १२ नोव्हेंबरला अमेरिका, जपान धरून ७ देश, १९ ला युरोप आणि इतर बरेच, आणि काही देश त्याच्याही नंतर.

रात्रीचा_गेमर

एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. पहिली_बॅच_नको, तुमचा सल्ला समजतो आणि एरवी मी पण थांबलो असतो. पण मला मशीनची घाई नाही, मला त्याच्याबरोबर एकाच वेळी सुरू करायचंय एवढंच. त्याला नुकतं बाळ झालंय, पहिले दोन आठवडे त्याने मुद्दाम रजा काढून ठेवायचं ठरवलंय, सहा महिन्यांनी त्याच्याकडे ती दोन आठवड्यांची मोकळीक नसणार.

माझ्या देशात उशीर झालाच तर त्यालाच सांगू का एक जास्तीचा घेऊन पाठव म्हणून?

पहिली_बॅच_नको

बाळाचं अभिनंदन. मग थांबू नका, माझं म्हणणं मागे घेतो. मात्र पाठवायला सांगू नका. मी एकदा असाच परदेशातून एका विक्रेत्यामार्फत कन्सोल मागवला होता, त्याचा पॉवर ब्रिक ११० व्होल्टचा. मी घरच्या २३० ला लावला, टक् असा आवाज, जळका वास, आणि ब्रिक गेला. विक्रेता म्हणाला वॉरंटी फक्त विकत घेतलेल्या देशात. हल्ली बरेच पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट घेतात, पण मागे छापलेलं वाचल्याशिवाय प्लग लावू नका, आणि वॉरंटीचं दुखणं तर आजही तसंच आहे.

भाषांतरवाली

भाषेचं पण तपासा. स्विच २ ला जपानमध्ये फक्त जपानी भाषा असलेला स्वस्त मॉडेल वेगळा काढलाय, तो कोणी बाहेर नेला तर मेनू जपानीतच राहतो, बदलताच येत नाही. दिवस तोच, पण डबा वेगळा. असं पुढे बाकीच्या कंपन्यांनी पण केलं तर आश्चर्य वाटणार नाही.

सोल्डरगन

आणि नोंदणी सुरू झाली की पहिल्या तासात करा, दोघांनी आपापल्या देशात. साठा कितीही केला तरी कमी पडतो, स्विच २ च्या वेळी एकट्या जपानच्या ऑनलाइन सोडतीत २२ लाख अर्ज आले होते. आणि लाँचच्या दिवशी सिस्टिम अपडेट येतोच येतो, सगळं जग एकदम तोच डाउनलोड करत असतं, तेव्हा डबा उघडल्यापासून खेळ सुरू होईपर्यंत दोन तास धरून चाला.

रात्रीचा_गेमर

आत्ताच त्याच्याशी बोललो. ठरलंय असं की ज्याच्याकडे आधी येईल त्याने सील न फोडता कपाटात ठेवायचा, उरलेल्याचा येईपर्यंत. तो घड्याळात माझ्या साडेचार तास मागे आहे, त्यामुळे त्याचं बाळ झोपल्यावर, म्हणजे माझ्याकडे पहाटे अडीचला, दोघांनी एकदम उघडायचा. अपडेटचे दोन तास लागले तर लागू देत, हेडसेट चालूच असेल.