परसातल्या द्राक्षवेलीला पाला भरपूर, घड एकही नाही

परसबाग, जुळे सोलापूर:
थॉमसन या बिनबियांच्या जातीची वेल, डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली, तीन वर्षांची. जमीन काळी, मांडव साडेसहा फुटांवर. छाटणी दरवर्षी जानेवारीत एकदाच. खत म्हणून शेणखत आणि युरिया. मार्च संपत आलाय, आता छाटू का?

काडी-डोळा:
छाटा, पण ही खरड छाटणी, म्हणजे घडांसाठी नव्हे, नव्या काड्यांसाठीची. जानेवारीतली एकच छाटणी थंड देशांत चालते, तिथे वेल हिवाळ्यात सुप्त होते. आपल्याकडे ती बारमाही वाढते, म्हणून एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठीची गोडी छाटणी लागते. घड दिसतो ऑक्टोबरनंतर, पण डोळ्यात (काडीवरच्या कळीत) धरतो उन्हाळ्यातच, खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत.

ओलांड्यावरच्या (मांडवावर आडव्या नेलेल्या जाड फांदीवरच्या) प्रत्येक काडीचा एकच डोळा राखा. नव्या फुटी (कोवळ्या फांद्या) पाच-सहा पानांच्या झाल्या की विरळणी करा, दोन फुटींत चार बोटं अंतर ठेवा. सात पानांवर शेंडा खुडा, वरची एक बगलफूट (पानाच्या बेचक्यातली फूट) पुढे जाऊ द्या आणि तीही पाच पानांवर खुडा. ही सबकेन, म्हणजे पोटकाडी. या दिवसांत युरिया पूर्ण बंद, पाणी थोडं कमी. नत्र जास्त आणि सावली दाट झाली की डोळ्यात घडाऐवजी बाळी (आधाराला वेटोळं घेणारा तंतू) तयार होते. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

माळरान:
एक भर घालतो. छाटल्यावर ओलांडा उघडा पडतो आणि सोलापूरच्या ४२ अंशांत साल भाजते. फुटी येईपर्यंत ओलं गोणपाट टाका. भुरीसाठी (पांढऱ्या बुरशीसाठी) गंधक ३५ अंशांवर फवारू नका, पानं करपतात.

परसबाग, जुळे सोलापूर:
ऑक्टोबरमध्ये किती डोळे ठेवायचे? डोळे फुटावेत म्हणून डॉरमेक्स हे रसायन लावायचं का?

काडी-डोळा:
सबकेन जिथून फुटली त्या गाठीपुढे एक-दोन डोळे राखून कापा. गाठीजवळचे डोळे सर्वांत फलदायी. सरळ काडी असेल तर सहा ते आठ. पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी काडीच धरा, हिरवी काढून टाका. छाटणीआधी पंधरा दिवस पाणी तोडून पानं हातानं काढा, डोळे फुगतात. डॉरमेक्स विषारी आहे, घराच्या परसात नकोच. काड्या वाकवून बांधल्या तरी मागचे डोळे बऱ्यापैकी फुटतात.

माळरान:
छाटल्याबरोबर उघड्या काड्यांवर एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक फवारा: लिटरला १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना, प्लास्टिकच्या बादलीत. द्रावणात लोखंडी पातं बुडवून पाहा, तांबूस झालं तर चुना वाढवा. कोवळ्या फुटीवर हे प्रमाण चालत नाही, पानं भाजतात. परतीचा पाऊस लांबला तर फुलोऱ्यात केवडा हा बुरशीरोग येतो, तेव्हा मांडव मोकळा ठेवा.