सेटिंग्ज: कप्पे लावायचे की नाव टाकून शोधायचं?

पेठेतला पेन्शनर
मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अवकाश आहे, म्हणून तोवर माउसचा बाण मोठा करावा म्हटलं. विंडोज ११. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माउस. तिथे वेग मिळाला, डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल मिळाली, आकार नाही. तो ॲक्सेसिबिलिटीत! शिवाय 'ॲडिशनल माउस सेटिंग्ज'वर टिचकी मारली की जुन्या कंट्रोल पॅनेलची खिडकी उघडते, तिच्यात बाणांचा वेगळाच कप्पा. एका उंदराला तीन बिळं. माझं स्पष्ट मत: आधी घर आवरा, सर्च ही नुसती मलमपट्टी आहे.

हिंजवडीचा हमाल
काका, मी मेनूत शिरतच नाही. विंडोजचं बटण, चार अक्षरं, एंटर. विंडोज व्हिस्टापासून (२००७) स्टार्ट मेनूत ही सोय आहे, मॅकवर 'स्पॉटलाइट' नावाचा सर्च २००५ पासून. अप्पा बळवंत चौकात आपण पुस्तकाचं नाव सांगतो, पोरगा माळ्यावरून काढून देतो. कुठल्या फळीवर होतं ते विचारतो का कधी?

पेठेतला पेन्शनर
नाव ठाऊक असेल तर ना! मी 'ॲरो' शोधत बसलो, बारशाला नाव ठेवलंय 'पॉइंटर'. चौकातल्या पोराला 'ते निळ्या कव्हरचं, बारावीचं' एवढं पुरतं.

कोथरूडची क्लासवाली
ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवते, म्हणून काकांच्या बाजूने. एक आजी ब्राइटनेस कमी करायला डिस्प्लेमध्ये गेल्या, तिथेच त्यांना पडद्याचा रंग पिवळसर करणारा 'नाइट लाइट' दिसला. रात्री डोळ्यांना त्रास व्हायचा, तर आता रोज लावतात. असं काही असतं हेच माहीत नव्हतं, टाइप काय करणार? आणि स्टार्टमधल्या सर्चमध्ये वेबचे निकाल घुसतात, त्यावर क्लिक करून माणसं भलतीकडेच पोचतात.

हिंजवडीचा हमाल
वेबच्या निकालांचं मान्य, तो कचराच आहे. पण 'नीट मांडणी' कोणाच्या मते नीट? २०२२ मध्ये मॅकची व्हेंचुरा ही आवृत्ती आली आणि सेटिंग्जची चित्रांची मांडणी जाऊन आयफोनसारखी उभी यादी झाली. आमच्या ऑफिसात अजून बोटं मोडतात. सामान हलतं हो, नाव तेच राहतं.

कोथरूडची क्लासवाली
तेच राहतं? विंडोज १० मधलं 'ईज ऑफ ॲक्सेस' ११ मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' झालं. माझ्या नोट्स मलाच खोडाव्या लागल्या.

सोसायटीचा सेक्रेटरी
२०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून कंट्रोल पॅनेलचं बिऱ्हाड नव्या सेटिंग्जमध्ये हलवतायत, निम्मे भाडेकरू अजून जुन्याच इमारतीत. आमचं रीडेव्हलपमेंट त्याआधी होईल.

पेठेतला पेन्शनर
झाला बाण मोठा. आकाराच्या शेजारीच रंगही होता, पिवळाधमक करून टाकला. तो काही मी शोधायला गेलो नव्हतो, हमालसाहेब.